सतरा नंबरची पिशवी

१२ मे

ही वही आमच्या कोको उत्पादकांच्या संस्थेची आहे. पुढच्या बाजूने मी आंबवणीच्या पेट्यांचं तापमान लिहिते, दिवसातून दोनदा, गेली नऊ वर्षं. आज ती उलटी करून मागून सुरुवात केली आहे. जे लिहायचं ते ओल्गेरने वाचायला नको, आणि लिहिलं नाही तर रस्त्यात भेटेल त्याला बोलून बसेन. माझ्या जिभेला लगाम नाही हे आमच्या ग्वाबितो गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

बेल्जियमच्या खरेदीदाराचं पत्र आलं. आपला कोको खोटा आहे म्हणे.

ओल्गेर अध्यक्ष असला तरी वाचताना अडखळतो, त्यामुळे ती बातमी ऐकायला आम्हाला पाव तास लागला. त्यांनी आमच्या बिया दळून तपासल्या. आपल्या जुन्या नासिओनाल जातीत कॅफीनच्या एका वाट्याला थिओब्रोमाइनचे दोन, फार तर अडीच वाटे निघतात. आमच्या पोत्यांत साडेतीन निघाले. म्हणजे परक्या जातीच्या बिया मिसळल्या आहेत. हे कोणी केलं ते शोधा आणि तीस जूनपर्यंत शुद्ध माल रवाना करा, नाहीतर मूळ जातीचा शिक्का काढून घेऊ.

शिक्का गेला तर आम्ही चाळीस घरं पुन्हा रस्त्यावरच्या दलालाकडे. तो सगळ्यांचा कोको एकाच ढिगात ओततो. त्याच्याकडे जात नाही, गाव नाही, नाव नाही. नऊ वर्षांपूर्वी आम्ही तिथून उठून आलो आहोत.

आणि माल पारखणारी मी. प्रत्येक बादलीतली एक बी तोंडात टाकून गर चाखते, मगच बादली पेटीत ओतू देते. मग पत्रात खोटं कोणाला म्हटलंय?

१६ मे

ग्वायाकिलच्या प्रयोगशाळेतून इंजिनियर आली. येसेनिया नाव, माझ्या मुलापेक्षा लहान, पायात पांढरे बूट. पांढरे बूट घालून कोकोच्या बागेत येणारी ही काय परीक्षा करणार, असं मी ओल्गेरच्या कानात म्हणाले, आणि तिने ऐकलं. हसली मात्र.

प्रत्येक सभासदाच्या बादलीतून तिने मूठभर ओल्या बिया पिशवीत भरल्या, नंबर घातला, बर्फाच्या पेटीत ठेवल्या. माझी पिशवी एक नंबर. आमच्या धर्मनात्यातले कोम्पाद्रे तार्कीनो यांची सतरा. यंत्रासमोर रांग आहे, निकालाला दोन-अडीच महिने.

तिच्याकडे पहिल्या तपासणीचा एक कागद होता. बियांतले खनिजांचे अंश मातीशी ताडून पाहतात. गावासारखी तीही मला मानाने दोन्या म्हणते. "बाहेरून काही आलेलं नाही, दोन्या आउरिस्तेला. सगळं याच नदीच्या काठावर उगवलंय."

"म्हणजे गावात कोणीतरी परकी लाल जात लावलीय."

"असेल. तुमची झाडं बियांपासूनची की कलमं?"

मी तिला सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी सरकारी योजनेत कलमं मिळाली, ती जवळजवळ सगळ्यांनी लावली. मग पुराच्या वर्षी रोग आला, शेंडे वाळले. लोक कुऱ्हाडी घेऊन निघाले होते. मी दारोदार फिरले. म्हटलं, झाड मारू नका. पायाशी फुटवा येईल, तो राखा, वरचं खोड कापा, तीन वर्षांत नवं झाड. माझ्या वडिलांनी जन्मभर असंच केलं, त्यांच्या हातून एक झाड मेलं नाही. लोकांनी ऐकलं. आज तीच झाडं लगडलीत.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला तुमची बाग बघायची होती," म्हणाली, पण तिची बस सुटत होती. सगळ्यांनाच ती बाग बघायची असते.

२० मे

दोन दिवस चाळीस बागा पायाखाली घातल्या. परक्या जातीचं फळ लाल, आपलं पिवळं. त्यामुळे शोधायला सोपं. सगळीकडे पिवळंच. लाल फक्त कोम्पाद्रेंकडे, रस्त्याच्या कडेला अकरा झाडं.

तार्कीनो माझ्या मुलाचे धर्मपिता; त्या नात्याने ते माझे कोम्पाद्रे आणि मी त्यांच्या घरची कोमाद्रे. माझा नवरा गेला तेव्हा शवपेटीचं पुढचं टोक त्यांच्या खांद्यावर होतं. ते शांतपणे म्हणाले, "ती दलालासाठी लावलेली झाडं, कोमाद्रे. फळ वेगळं तोडतो, वेगळं विकतो. तुम्हाला आजच कळलं का?"

मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरामागे फोडलेल्या फळांच्या सालींचे दोन ढीग होते, एक लाल, एक पिवळा, आणि मध्ये वीतभर जागा. ती वीत माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यांच्याबद्दल माझ्या मनात एक जुनी अढी आहे, तीही लिहून टाकते. गेल्या वर्षी छाटणीला ते माझ्याकडे हात द्यायला आले आणि मला न विचारता चार झाडांचे फुटवे बुडातून उडवले. जाब विचारला तर म्हणतात, "या झाडाला दोन आया आहेत, कोमाद्रे. खालची वरचीला खातेय." मी म्हटलं, तुमची झाडं आजोबांच्या काळातली, अर्धं पीक देतात, म्हणून माझी डोळ्यांत खुपतात. ते कोयता पुसून निघून गेले. योजनेची कलमं त्यांनी घेतली नव्हती, त्याचा ताठा वेगळाच.

३ जून

दिग्नाने, म्हणजे तार्कीनोंच्या बायकोने, केळ्याचे गोळे, बोलोन, पाठवले, चीज भरून. नेहमीसारखे. मी खाल्ले नाहीत. टाकवलेही नाहीत. ताटावर झाकण ठेवून दिवसभर त्याच्याभोवती फिरत राहिले.

त्यांनी मिसळलं असं मला खरंच वाटतं का? सकाळी वाटतं. दुपारपर्यंत वाटेनासं होतं. मग ओल्गेर येतो, सत्तावीस दिवस राहिले म्हणतो, आणि पुन्हा वाटायला लागतं.

यंदा सगळ्यांचाच गर मला जरा फिका लागतोय. पाऊस जास्त झाला, त्याचा परिणाम. कोम्पाद्रेंची बी तेवढी पूर्वीसारखी, तोंडात फुलं ठेवल्यासारखी. माझी स्वतःची बादली मी चाखत नाही. आपल्या घरचं काय चाखायचं.

१४ जून

सभा झाली. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

ओल्गेर म्हणाला, "पिशव्यांचा निकाल येऊ दे ना, दोन्या. काय ते यंत्र सांगेल."

"तीस तारीख तुझ्या यंत्रासाठी थांबणार आहे का?" मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. या गावात कोकोचं काही अडलं की लोक माझ्याकडे बघतात, आणि मला गप्प बसता येत नाही.

तार्कीनो टोपी हातात घेऊन उठले. "माझ्या आजोबांची झाडं आहेत. त्यांत मी काय मिसळू? चोरीच करायची असती तर लाल झाडं रस्त्याला कशाला लावली असती? घरामागे नसती का लावली?"

मागे कोणीतरी हसलं. मलाही ते पटलं. पटलं, आणि तरी मी उठले.

"दोन ढिगांत वीतभर अंतर आहे, कोम्पाद्रे. घाईत एक घमेलं इकडचं तिकडे गेलं नसेल कशावरून?"

"नऊ वर्षं माझी बी तोंडात टाकता. एकदा तरी वेगळी लागली?"

लागली नव्हती. मी म्हणाले, "माझ्या जिभेपेक्षा बेल्जियमचा आकडा मोठा आहे."

तार्कीनोंना संस्थेतून काढायचं असेल त्यांना हात वर करायला सांगितलं. तेहतीस वर झाले. माझा पहिला होता, म्हणून बाकीचे झाले, हे मला कळतं. कोम्पाद्रेंनी सभासदाचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि दारातून मागे वळून म्हणाले, "आपल्या झाडांच्या पायाशी एकदा वाकून बघा, कोमाद्रे."

चिडलेल्या माणसाला शिवी सुचली नाही की तो असलं काहीतरी बोलतो.

१५ जून

दिग्ना पाणवठ्यावर भेटली. "बाई, जरा बाजूला व्हा," म्हणाली. चौतीस वर्षांत तिने मला कोमाद्रेशिवाय हाक मारली नव्हती.

२८ जून

नवा माल रवाना झाला, कोम्पाद्रेंची एक बी नसलेला. मी पोत्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. मुदतीच्या दोन दिवस आधी. आता तरी छातीवरचा दगड उतरावा. उतरत नाही.

९ जुलै

सकाळपासून त्यांच्या बागेतून करवतीचं यंत्र ऐकू येतंय. लाल झाडं पाडत असणार. म्हणजे मनाने कबूल केलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

१० जुलै

लाल झाडं रस्त्याला तशीच उभी आहेत.

पाडली ती आतली. आजोबांची. खोडाला मिठी मारली तर हात पुरत नव्हते अशी. मी कुंपणापाशी उभी राहिले, आत जायचा धीर झाला नाही. दिग्ना फांद्या ओढत होती. मी विचारलं, "हे काय केलं त्यांनी?"

"संस्थेला चालत नाहीत. दलाल दोन्हीला एकच भाव देतो. मग अर्धं पीक देणारी झाडं कोणासाठी ठेवायची, म्हणाले. डिसेंबरात पावसाळा लागला की मका लावणार."

"मला सांगायचं तरी."

"तुम्हाला?" ती म्हणाली. फांदी ओढत निघून गेली.

मी घरी येऊन तापमान लिहिलं. अठ्ठेचाळीस. आकडा वाकडा आलाय.

२४ जुलै

बेल्जियमचं उत्तर आलं. प्रमाण साडेतीन नाही, आता तीन पूर्णांक नऊ.

वाढलंय. आम्ही चोर काढला आणि चोरी वाढली.

"आणखी कोणीतरी आहे," मी म्हणाले. "त्यांना सामील असलेलं. सूड घेताहेत."

ओल्गेरने कागद पुन्हा एकदा अडखळत वाचला. "दोन्या, आपण त्यांच्या बिया काढल्या आणि आकडा वाईट झाला. दुधात पाणी असेल आणि आपण दूधच काढून घेतलं, तर?"

"तर काय?"

"काही नाही," म्हणाला. मी त्याला नीट बोलायला शिक म्हणाले. देवा, आता कोणाकडे बोट दाखवू? शेजारच्या सहा घरांची नावं कागदावर लिहिली आणि कागद फाडला. त्या सहांमध्ये माझी चुलत बहीण होती.

३ ऑगस्ट

हे लिहिणं भाग आहे. लिहिते.

येसेनिया निकाल घेऊन आली. या वेळी गमबूट घालून. ओसरीवर ओल्गेर, ती आणि मी. तिने आधी सतरा नंबर काढला. "दोन पूर्णांक एक. इतकी शुद्ध पिशवी मी आजवर तपासलेली नाही. या गृहस्थांना मला भेटायचंय. यांच्या झाडांच्या फांद्यांवरचे डोळे काढून सगळ्या गावाला नवी कलमं भरता येतील. तुमचा प्रश्न तीन वर्षांत सुटेल."

ओल्गेर उठून नळावर तोंड धुवायला गेला. ती झाडं गेल्या महिन्यात पाडली, हे मलाच तिला सांगावं लागलं.

मग तिने यादी माझ्याकडे सरकवली. दोनचा आकडा दुसऱ्या कोणाचाच नव्हता. बाकी सगळे तीन, साडेतीन, चार. सगळ्यांत खाली, सगळ्यांत वाईट, पाच पूर्णांक दोन. पिशवी नंबर एक.

"यंत्र बिघडलंय," मी म्हणाले.

"आपण बागेत जाऊ या," ती म्हणाली.

तिने माझ्या पहिल्याच झाडापाशी गुडघे टेकले, पालापाचोळा हाताने सारला आणि माझा अंगठा धरून खोडावर ठेवला. कलमाचा सांधा असतो, भरून आलेल्या जखमेसारखी आडवी गाठ. ती माझ्या अंगठ्याला लागली. फुटवा त्या गाठीच्या खालून निघाला होता.

"वर नासिओनालचा डोळा होता," ती हळू बोलत होती. "खाली आधाराला दुसऱ्याच जातीचं रोप. चिवट मुळांसाठी तसंच करतात. सांध्याखालून येतं ते खालच्या जातीचं. तुम्ही वरचं कापलंत आणि खालचं वाढवलंत. त्याचंही फळ पिवळंच असतं, त्यामुळे कोणाला कळलं नाही."

"माझे वडील..."

"त्यांची झाडं बियांपासूनची होती. त्यांचं बरोबर होतं."

मी पुढच्या झाडाकडे गेले. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येकाच्या पायाशी बसून अंगठा फिरवला. दोनशे दहा झाडं आहेत. साठ-सत्तर झाडांनंतर तिने मला खांद्याला धरून उठवलं. चार झाडं मात्र जुन्या सांध्यावर नीट उभी होती, डोळ्याच्या वरूनच फुटलेली. कोम्पाद्रेंनी ज्यांचे फुटवे उडवले ती चार.

४ ऑगस्ट

पेट्या उघडल्या नाहीत. तापमान लिहिलं नाही.

११ ऑगस्ट

सभेत सांगितलं. ओल्गेर म्हणत होता, कागद वाचू आणि यंत्रावर ढकलू. मी नको म्हणाले. उभी राहिले आणि म्हणाले, ज्याला तुम्ही बाहेर काढलंत त्याच्या बिया सोन्यासारख्या होत्या, आणि मिसळणारी मी आहे. माझ्या बागेत मी, आणि तुमच्या प्रत्येकाच्या बागेत मीच, दारोदार फिरून.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझी चुलत बहीण एवढंच म्हणाली, "आम्ही तुला विचारून केलं होतं गं."

शिक्का गेला. तीन वर्षांत शुद्ध माल दाखवला तर पुन्हा विचार करू, असं बेल्जियमवाले म्हणतात. शुद्ध डोळे आणायचे कुठून? माझ्या चार झाडांवर चाळीस बागा भरत नाहीत, आणि ज्या बागेवर भरल्या असत्या तिथे आता थोटकं आहेत. या आठवड्यात दलालाची गाडी तीनदा येऊन गेली.

मी तार्कीनोंच्या दारी गेले होते. दिग्नाने दार उघडलं नाही. मी बाहेरूनच सगळं बोलले. आतून रेडिओचा आवाज जरा मोठा झाला.

३० सप्टेंबर

महिन्याभरात पाचदा गेले. आज ते स्वतः बागेत होते. थोटकांभोवतीचं तण काढून जमीन मक्यासाठी मोकळी करत होते, आणि थोटकांतून कोवळं काही वर आलं असेल तर कोयत्याने खरवडत होते. नीटनेटकं काम. वाईट काम त्यांना करताच येत नाही.

मी कुंपणातून आत गेले. नुकतीच खरवडलेली सहा थोटकं मोजली. ते सातव्यापाशी पोचले होते. पायाशी एक फुटवा होता, हातभर उंच, तांबूस कोवळ्या पानांचा.

ते थांबले. कोयता त्याच्यावर टेकवला. "बोला, दोन्या आउरिस्तेला. गाव तुम्हाला विचारून करतं. हा राखायचा की कापायचा?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. तीस वर्षं ते असंच येतंय, न बघता. मी ते गिळलं. गुडघे टेकले, माती सारली, अंगठा थोटकाभोवती सगळीकडून फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. गाठ नव्हती. खालपासून वरपर्यंत एकच साल.

"बियाचं झाड आहे," मी म्हणाले. "सांधा नाही. हा राखायचा. पण झाड तुमचं आहे."

"हे जूनमध्ये वाकून बघायचं होतं."

"हो."

"सहा गेले सकाळपासून."

"मोजले मी."

त्यांनी कोयता गवताला पुसला आणि जेवायला घरी गेले. मला या म्हणाले नाहीत. मला रडू आलं ते मी तिथेच बसून रडून घेतलं. मग नदीवरून बांबूच्या कामट्या आणल्या आणि त्या एका फुटव्याभोवती कुंपण घातलं, त्यांना न विचारता. ही सवय काही जात नाही.

१ ऑक्टोबर

गेले नाही. भीती वाटली.

२ ऑक्टोबर

रस्त्यावरूनच बघून आले. आणखी पाच थोटकं खरवडली आहेत. कुंपण आहे. कोणी काढलेलं नाही.

एका बाजूची कामटी मी सैल बांधली होती. ती कोणीतरी नीट आवळून बांधली आहे.